यादीत नसलेला झरा

वस्ती, मढ, ता. जुन्नर
९ फेब्रुवारी २०२५

कपिल,

जयभीम. खुशाली विचारायला आज जीव न्हाई, सरळ भांडणालाच सुरुवात करते.

फोन का केला न्हाई असं विचारू नको. फोनवर तू "हो आत्या, बघतो आत्या" म्हणतोस आन् काय बी बघत न्हाईस. कागद तरी टेबलावर पडून डोळ्यात खुपंल. अंगणवाडीत तीस वर्षं पोरांना शुद्ध बोलायला शिकवलं, तवा शुद्ध लिहिता मला बी येतं. पण आज डोक्यात तिडीक गेलीय, तोंडात येतंय तसंच लिहिते.

काल सकाळी झऱ्यावर हंडा घेऊन गेले, तर वरच्या काळ्या दगडावर ह्या एवढ्या लाल अक्षरात लिहिलेलं, "ग-३". बाजूला लोखंडी खुंटी ठोकलेली. दोन माणसं टेप गुंडाळत व्हती. म्हटलं, दादा, ह्ये काय? तर म्हणतो, "मावशी, ही गळती नंबर तीन. वरच्या तळ्याच्या दुरुस्तीत बंद व्हणार. मार्चअखेर मशीन येतंय. बोअर मारायचं, आत सिमेंटचं पाणी दाबून भरायचं, की गळायचं थांबलं."

गळती! आरं, गळती छपराला आसती. नळाच्या वायसरला आसती. जमिनीतून आपल्या आपण वर येतं त्याला गळती म्हणायचं, हे कुठल्या शाळेत शिकवतात?

वरचं तळं बहात्तरच्या दुष्काळात बांधलं. माझ्या आईनं, म्हंजे तुझ्या आजीनं, त्याच्यावर मातीच्या पाट्या टाकल्या. मी चौदा वर्षांची व्हते आन् कामावरच्या बायांना प्यायला पाणी ह्याच झऱ्यातून नेऊन द्यायचे. तळं बांधायच्या आधी तळ्याची गळती आली कुठून?

दुरुस्तीचा ह्यो अर्ज वरच्या आळीतल्या गोरखचा. त्याचा टोमॅटो तळ्याच्या कडंला, आन् एप्रिलात त्याची मोटार हवा वढती. म्हणून त्याला तळं भरलेलं पायजे. बरं, त्या तळ्याचं सरकारी नावच पाझर तलाव. पाझरायसाठी बांधलं आन् पाझरलं तर गुन्हा का? आन् झरा तर तळ्याचा न्हाईच.

आपल्या वस्तीची अकरा घरं. नळ आठवड्यातून दोनदा, त्यो बी त्याच्या मनात आलं तर. झरा बुजला की मे महिन्यात आमी प्यायचं काय?

तू पुण्यात असल्याच नकाशांच्या ऑफिसात हाईस. ह्यो नकाशा कुणी काढला, झऱ्याला गळती कुणी म्हटलं, तेवढं शोधून मला कळव. त्याचे कान मी येष्टीनं येऊन उपटते.

अंजनाआत्या


पुणे
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

सप्रेम जयभीम. तू फोन उचलतच नाहीस, म्हणून मीही पाकीट आणून लिहायला बसलो. तुझी सून तेजस्विनी हसत होती. तिकीट किती रुपयांचं लावायचं हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

तुझा राग समजतो. पण थोडं शांतपणे ऐक. तांत्रिक भाषेत प्रत्येक शब्दाला ठरलेला अर्थ असतो. मातीच्या धरणाच्या खालच्या बाजूला, पायथ्यापासून ठरावीक अंतरात पाणी बाहेर येत असेल, तर त्याला गळती म्हणतात. आपण घरी त्याला काय म्हणतो याचा त्याच्याशी संबंध नाही. ते पाणी बांधापासून साठ मीटरवर आहे आणि तळ्याच्या तळापेक्षा खाली आहे. कुठलाही इंजिनिअर तेच लिहील.

तळं पाझर तलाव म्हणून बांधलं हे खरं, पण आता त्याचा साठवण तलाव करायचा प्रस्ताव आहे. एकदा काम झालं की नळाला रोज पाणी देऊ असंही त्यात लिहिलंय. तेव्हा एकदम वाईटच होईल असं धरून चालू नकोस.

तरीही तुला हरकत घ्यायची असेल तर घेता येते. मात्र "मी लहानपणी पाहिलंय" एवढ्यावर कुणी ऐकत नाही. बहात्तरच्या आधीचा लेखी पुरावा लागतो, ज्यात तिथे पाणी होतं असं लिहिलंय.

नकाशे आमच्यासारख्या बऱ्याच ऑफिसांत होतात. हा कुणी काढला ते शोधणं अवघड आहे. प्रयत्न करतो. नवनाथला आठवण सांग.

तुझा,
कपिल


वस्ती, मढ
२४ फेब्रुवारी २०२५

कपिल,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा लावून आन् दुसऱ्यांदा दात खाऊन.

तांत्रिक भाषा म्हणं! ऐक, तुझ्या तांत्रिक भाषेची एक गोष्ट सांगते. माझा नवनाथ मंचरला पाण्याच्या मोटारींचं वायडिंग भरतो, तुला म्हाईतच हाय. शेतकरी येतो आन् म्हणतो, "भाऊ, वायडिंग जळलंय, भरून द्या." नवनाथ त्याच्या सांगण्यावर एक तार कापत न्हाई. आधी मोटार उघडतो. कवा बेअरिंग धरलेलं आसतं, कवा नुसता कंडेन्सर गेलेला आसतो. मग त्यो म्हणतो, "पावणं, वायडिंग ठणठणीत हाय, कंडेन्सर बदला, जावा." बारावी नापास माणूस, पण उघडून बघितल्याबिगर बोलत न्हाई. तुमी इंजिनिअर लोक न बघताच नाव सांगता आन् वर त्याला तांत्रिक म्हणता, राव!

आता तू बघितलं न्हाईस ते सांगते. चैत्रात वरच्या तळ्याच्या बुडाला भेगा पडत्यात, पोरं तिथं क्रिकेट खेळत्यात. झरा तवा बी चालूच आसतो. धार करंगळीएवढी ऱ्हाती, पण थांबत न्हाई. तळं कोरडं आन् गळती चालू, असं तुझ्या पुस्तकात कुठं हाय? थंडीत पहाटं तळ्याचं पाणी हाताला झोंबतं आन् झऱ्याचं कोमट लागतं. पावसाळ्यात तळं चहासारखं गढूळ, झऱ्याच्या तळाचा खडा न् खडा मोजून घे. दोन्हींची चव बी एक न्हाई. मढातली कुठली बी म्हातारी डोळं झाकून सांगंल, हे कुठलं आन् ते कुठलं.

आमच्याकडं नुसत्या पाण्याला एक शब्द नसतो रं. पावसात चार महिने फुटतं आन् दिवाळीला मरतं ते उपळं. ओढ्याच्या वाळूत हातानं उकरायचा त्यो झिरा. बारा महिने वाहतं त्यो झरा. तीन वर्षांचं पोर ह्ये शिकून अंगणवाडीतून बाहेर पडायचं. त्यातलं एक पोर तू व्हतास.

आन् आता शेवटचं. खुंटी ठोकणाऱ्या त्या माणसांनी मला नकाशाचा कागद दाखवला व्हता. पह्यल्याच दिवशी. खाली कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव आसतं. इंग्रजी मला येत न्हाई असं तुला वाटतं का? तुझं नाव, तुझ्या बापाचं नाव आन् आपलं आडनाव मला कुठल्या बी लिपीत वाचता येतं.

म्हणून तर पह्यल्या पत्रात इचारलं, कुणी काढला. वाटलं, पोरगं सांगंल. तू लिहितोस, शोधणं अवघड हाय. चुकलास त्याचा राग न्हाई इतका, माणूस चुकतो. पण आत्याला फसवलंस. हे मला लई लागलं.

अंजना


पुणे
३ मार्च २०२५

आत्या,

मी काढला. नकाशा मीच काढला.

हे वाक्य पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा फाईल उघडून बघितली आणि कोपऱ्यात माझंच नाव दिसलं. मग तांत्रिक भाषेच्या मागे लपलो. माफ कर म्हणायची लाज वाटते, तरी म्हणतो.

हे कसं झालं ते सांगतो. सबब म्हणून नाही, तुला कळावं म्हणून. मी जागेवर गेलोच नव्हतो. वरून ड्रोनने काढलेले फोटो आणि मोजणीवाल्यांचे आकडे येतात, मी पुण्यात खुर्चीत बसून रेषा मारतो. कागदावर गावाचं नाव नव्हतं, नुसता तलावाचा नंबर. एका आठवड्यात असे चौदा तलाव काढले. आपलाच डोंगर स्क्रीनवर होता आणि मी ओळखला नाही.

जिथे पाणी दिसलं तिथे खूण करायची आणि यादीतून नाव निवडायचं. यादी तयारच असते, आपल्याला काही लिहायची सोय नसते. काल मी ती पुन्हा नीट वाचली: गळती, भेग, खचलेला भाग, झाडी वाढलेली, उंदराचं बीळ, सांडवा फुटलेला. सगळे दोषच. आत्या, त्या यादीत "झरा" हा शब्दच नाही. तलावाजवळ काही चांगलं असू शकतं, हे यादी करणाऱ्याच्या मनातच आलं नाही. मी गळती निवडलं आणि पुढे गेलो. मला सहा सेकंदही लागले नसतील.

साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, मंजूर झालेला नकाशा तोंडी बदलत नाही, गावाकडून हरकत येऊ दे, पुरावा येऊ दे. म्हणून शुक्रवारी रजा टाकून जुन्नरला गेलो आणि इंग्रजांच्या वेळच्या मोजणीचा गावनकाशा काढायला लावला. आणि आत्या, सापडलं! बरोब्बर त्याच जागी निळा ठिपका आहे, पाण्याची खूण आहे आणि बाजूला नाव लिहिलंय. तळ्याच्या आधी साठ-सत्तर वर्षं. यापेक्षा पक्का पुरावा नाही.

नाव मात्र जुनं आहे. आपली जुनी जात पुढे आणि तिला जोडून "पाणी". मी ते इथे लिहीत नाही.

शिक्क्याची नक्कल घेऊन वस्तीच्या वतीने हरकत दाखलसुद्धा केली. २२ मार्चला सकाळी अकराला झऱ्यावरच सुनावणी आहे, खात्याच्या मॅडम येतील. नकलेची एक प्रत सोबत जोडतोय. ती तू वाचून दाखव. आता झरा वाचला समज.

तुझा,
कपिल


वस्ती, मढ
१० मार्च २०२५

कपिल,

कुणाला इचारून दाखल केलीस?

तुझी ती नक्कल उघडली आन् नजर त्या नावावर गेली. तशीच घडी घालून पिशवीत टाकली. मी ते नाव शेवटचं कवा वाचलं म्हणून सांगू? कवाच न्हाई. नुसतं ऐकलेलं. बाजारात, पाणवठ्याच्या वाटंवर, लोकांच्या तोंडून. आपल्या घरात, एकदा सोडलं तर, कुणी उच्चारलं न्हाई.

तुझे आजोबा, भागुजी, छप्पन साली धम्म घेऊन आले आन् वस्तीच्या मधोमध उभं राहून म्हणाले, आजपासून त्या पाण्याला ते नाव कुणी घ्यायचं न्हाई. मी त्याच्यानंतर दोन वर्षांनी जन्मले. एकदा शाळेतून ऐकून आले आन् चुलीपुढं सहज बोलून गेले. बाबांनी मारलं न्हाई. ताटावरून उठले आन् बाहेर जाऊन बसले. त्या दिवशी घरात कुणी जेवलं न्हाई. मी सात वर्षांची व्हते, अजून मला ते ताट दिसतं.

आन् तू मला सांगतोस, भर सभेत, गोरखपुढं, सगळ्या गावापुढं ते नाव मी मोठ्यानं वाचू? ज्यांनी ते नाव ठिवलं त्यांच्याच पुढं? "बघा साहेब, हे आमचंच," असं? ती लोकं तोंडावर पदर घेऊन हसतील. शेजारच्या रत्नाची सून आता तलाठ्याची परीक्षा देतीय. तिनं ते नाव माझ्या तोंडून ऐकायचं का?

तुझा कॉम्प्युटर त्याला गळती म्हणतो आन् तुझा जुना नकाशा त्याला ते म्हणतो. दोन्ही कागद ऑफिसातलेच. जे तिथलं पाणी पितात त्यांना कुणी इचारलं न्हाई.

हरकत मागं घे. दुसरं काय तरी शोध. न सापडलं तर मी त्या मशीनपुढं आडवी पडंन, पण ते वाचणार न्हाई.

अंजना


पुणे
१४ मार्च २०२५

आत्या,

तुझं पत्र तेजस्विनीला वाचून दाखवायला घेतलं, पण अर्ध्यात थांबावं लागलं. आजोबांची ती गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. तुला आधी विचारायला हवं होतं, ही माझी दुसरी चूक.

पण खोटी आशा दाखवत नाही. दुसरा कागद नाही. बहात्तरच्या कामाचं रजिस्टर मागितलं, ते सापडत नाही म्हणाले. हरकत मागे घेतली तर त्याच दिवशी काम सुरू करायचा आदेश निघेल. मशीन आळेफाट्यापर्यंत आलंय. एकदा सिमेंट आत गेलं की परत काढता येत नाही, हे मी तांत्रिक भाषेतच सांगतो.

मी येऊ शकत नाही. त्या दिवशी गावाच्या बाजूने उभा राहिलो तर कामावरून काढू, असं ऑफिसने लेखी दिलंय. तरी येतो असं म्हणालो, तर काल नवनाथने फोन करून दम दिला, की आईने सांगितलंय, नोकरी सोडून आलास तर दारात घेणार नाही.

नक्कल तुझ्याकडे आहे. वाचायची की नाही ते तू ठरव. नाही वाचलीस तरी मी तुला एक शब्द बोलणार नाही.

कपिल


वस्ती, मढ
२३ मार्च २०२५

कपिल,

काल काय झालं ते सगळं लिहिते. नवनाथनं फोनवर तुला निम्मंच सांगितलंय, कारण त्याला रडू आवरत नव्हतं.

अकराला म्हणून मॅडम साडेबाराला आल्या. झऱ्याच्या वर गोरखनं मांडव घातलेला, खुर्च्या मांडलेल्या. आमी बाया खाली हंडे घेऊन उभ्या. नक्कल माझ्या पिशवीत व्हती, पण काढायची न्हाई असंच ठरवून गेले व्हते. तळ्याच्या भेगा सांगीन, कोमट पाणी सांगीन, आईच्या पाट्या सांगीन, आन् बघू.

गोरखनं साक्षीला त्याच्या आज्याला, कुशाबाला, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांकडून उचलून आणलं. नव्वदीचा माणूस, गावातला सगळ्यात म्हातारा. गोरख म्हणाला, "मॅडम, इथं झरा-बिरा काय बी नव्हता. तळं झालं तवापासनं गळतंय. आमच्या आज्यानं समदं बघितलंय." मॅडमनी मला इचारलं, "मावशी, तुमच्याकडे लेखी काही आहे का?" मी तळ्याच्या भेगा सांगाय लागले. त्या चांगल्या हायत, ऐकत व्हत्या, पण पेन बंद करून. गोरख हसून म्हणाला, "मॅडम, ह्यांना नळ दिलाय सरकारनं. तरी फुकटाची तक्रार."

फुकटाची! त्या शब्दानं माझं डोकं फिरलं. कपिल, मी पिशवीत हात घातला आन् कागद काढला.

वाचलं. मोठ्यानं वाचलं. मोजणीचं साल, सर्व्हे नंबर, आन् ते नाव. ताटाच्या त्या दिवसानंतर पह्यल्यांदा. आवाज माझा फाटला, न्हाई असं न्हाई. मांडवात कुणी हसलं न्हाई. रत्नाची सून माझ्याजवळ सरकली आन् माझा हंडा तिनं धरला.

गोरख म्हणाला, "आहो, जुन्या कागदावर काय बी नावं आसतात. नाव हाय म्हंजे पाणी व्हतंच असं कुठं?"

मग मी गोरखशी बोललेच न्हाई. कुशाबाच्या खुर्चीपुढं गेले. म्हटलं, "बाबा, गावाची इहीर वर तुमच्या आळीत. तिच्यावर आमाला येऊ देत नव्हता. पाऊल ठिवलं तर दगड मारायचा. आता तुमचा नातू म्हणतो, खाली झरा नव्हताच. मग आमची माणसं पीत काय व्हती?"

गोरख म्हणाला, "आज्या, तू बोलू नको, तुला आठवत न्हाई." म्हाताऱ्यानं त्याचा हात बाजूला केला. माझ्याकडं न बघता, पाण्याकडं बघत म्हणाला, "व्हतं. पाणी व्हतं. ह्येच पीत व्हती ती. वर कुठं येऊ देत व्हतो आमी." मॅडमनी इचारलं, तळ्याच्या आधी? तर म्हणाला, "तळ्याच्या आधी, माझ्या बापाच्या बी आधी. ते नाव आमच्याच लोकांनी ठिवलेलं."

मॅडमनी पेन उघडलं. त्याचा जबाब घेतला, अंगठा घेतला. गळती नंबर तीन रद्द, तिथं सिमेंट न्हाई, असं तिथल्या तिथं लिहून सही केली. बायांनी हंडे भरले. म्हाताऱ्याचं कुणी कौतुक केलं न्हाई आन् मी बी केलं न्हाई. त्यो खरं बोलला, आन् ते त्यानं साठ वर्षं आधी बोलायला पायजे व्हतं.

आता तुझं काम. नवा नकाशा तुमच्याच ऑफिसात व्हणार हाय. तुझ्या यादीत शब्द नसंल तर यादी बदलून घे, साहेबाशी भांड, पण तिथं "जिवंत झरा" असं लिही. बायांनी मिळून तेच ठरवलंय. कुणाचंच नाव त्याला लावायचं न्हाई.

आन् एक. मॅडम जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मावशी, अशी जुनी नावं आता सरकार बदलतंय. त्या जुन्या नकाशावरूनही ते काढायला मी पत्र लिहिते, तुम्हाला त्रास नको." बाई मनानं चांगली. तिला मी सांगितलं तेच तुला लिहिते, म्हंजे तू बी भलतीकडं शहाणपणा करणार न्हाईस. नव्या कागदावर ते नाव येऊ द्यायचं न्हाई, आन् जुन्यावरून खोडायचं न्हाई. त्यांनी आपल्याला काय म्हटलं, ते त्यांच्याच अक्षरात तिथं ऱ्हाऊ दे. ते आधीच कुणी खोडलं आसतं, तर काल मी काय वाचलं आसतं?

अंजनाआत्या